पूर्वतोल

राजनंदिनी चौगुलेचा पैलवान काही केल्या जड होईना.

दिसायला तो चांगला आडदांड होता. खांद्यात रुतलेली मान, चुरगळलेले कान, खांबासारख्या मांड्या, सगळं जिथल्या तिथं. पण त्यानं समोरच्याला पाठीवर घेऊन आपटलं की कुणीतरी पलंगावर उशी फेकल्यासारखं वाटायचं. हर्डीकर सरांनी तो शॉट बघितला, चष्मा पुसून परत बघितला आणि म्हणाले की मारामारी झकास आहे, फक्त ही दोन माणसं आठवडाभर जेवलेली दिसत नाहीत. हर्डीकर स्वतः रोज भरपेट जेवून येणारे गृहस्थ होते, त्यामुळे हे बोलण्याचा त्यांना अधिकार होता.

कोल्हापुरात राजारामपुरीच्या एका गल्लीत, एका दंतवैद्याच्या दवाखान्यावर, हर्डीकरांचा ॲनिमेशन स्टुडिओ होता. मुलांसाठी कुस्तीवरचा मोठा चित्रपट त्यांनी हाती घेतला होता आणि त्यातली शेवटची कुस्ती नंदिनीकडे होती. ती पैलवानाची मुलगी, तेव्हा तिला हे रक्तातूनच येत असणार, असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. नंदिनीला रक्तातून फक्त रुंद खांदे आले होते. बाकीचं ती इतरांसारखंच डोळे फोडून शिकली होती.

ॲनिमेशनमध्ये वजन चित्रात नसतं, वेळेत असतं. दगड आणि फुगा दोन्ही गोलच काढायचे. त्यातला दगड कोण आणि फुगा कोण, हे तो हलायला किती वेळ घेतो आणि थांबायला किती वेळ घेतो यावर ठरतं. भरलेला गॅस सिलिंडर उचलणारा माणूस आधी पाय फाकवतो, कंबर मागं घेतो, खाली बसतो आणि मग कुठं सिलिंडर हलतो. ती आधीची तयारी चुकली की पुढचं सगळं पोकळ. म्हणून चित्राला हात लावण्याआधी बेत आखायचा. पहिल्यांदा स्वतः तसं करून बघायचं, त्याचा व्हिडिओ काढायचा, त्यातल्या मुख्य मुद्रा कागदावर उतरवायच्या आणि मग दोन मुद्रांमध्ये किती फ्रेम जाऊ द्यायच्या ते ठरवायचं. यापायी नंदिनीनं स्टुडिओतल्या खुर्च्या, पाण्याचे जार आणि एकदा झेरॉक्सचं मशीनसुद्धा उचलून पाहिलं होतं. खाली दात काढायला आलेल्या माणसांना वर तालीम आहे असंच वाटायचं.

हा त्रास वाचावा म्हणून त्या वर्षी हर्डीकरांनी पूर्वतोल आणलं.

पूर्वतोलचा जन्म काही चित्रपटासाठी झाला नव्हता. म्हातारी माणसं का पडतात याचा अभ्यास करणाऱ्या एका प्रयोगशाळेत ते तयार झालं. आपण कपाटाचं घट्ट दार ओढतो तेव्हा हाताच्या आधी पोटरी आवळली जाते. दार उघडलं की आपला तोल जाणार हे मेंदूनं आधीच हेरलेलं असतं आणि त्याची तजवीज त्यानं पायांकडं करून ठेवलेली असते. आपल्याला याचा पत्ताही नसतो. प्रत्येक हालचालीआधी शरीर असा एक अंदाज बांधतं, की वजन किती येणार, कुठून येणार, कधी येणार. रिकामी घागर भरलेली समजून उचलली की हात भसकन वर जातो, तो या अंदाजामुळंच. म्हातारपणी हा अंदाज उशिरा येऊ लागतो आणि माणूस पडतो.

प्रयोगशाळेतल्या लोकांनी हजारो माणसांच्या चालण्या-उचलण्या-पडण्याची चित्रं यंत्राला दाखवली आणि हा अंदाज बाहेरून वाचायला शिकवलं. टाच किंचित हलते, खांदा केसभर मागं जातो, कापडावर एक सुरकुती सरकते. माणसाच्या डोळ्यांतून हे निसटतं, यंत्राच्या नाही. साधा, जुना, धुरकट व्हिडिओसुद्धा त्याला पुरायचा. मग प्रत्येक माणसाच्या पायाशी ते दोन रेघा काढून द्यायचं. निळी रेघ म्हणजे बेत, शरीरानं काय गृहीत धरलं ते. तांबडी म्हणजे भार, प्रत्यक्षात काय आलं ते. जो खरोखर पडतो त्याची निळी रेघ तांबडीच्या मागून धापा टाकत येते. जो मुद्दाम पडतो त्याची निळी रेघ आधीच तयार होऊन उभी असते.

पहिल्या दिवशी स्टुडिओत सगळ्यांनी एकमेकांना ढकलून घेतलं. हर्डीकर म्हणाले की कॉलेजात असताना त्यांनी नाटकात मरण्याची तीन बक्षिसं घेतली आहेत, हे यंत्र त्यांना काय पकडणार. गादी अंथरली गेली, मागून धक्का बसला आणि सर अप्रतिम पडले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पण पडद्यावर सरांची निळी रेघ धक्क्याच्या कितीतरी आधीच पडायची जागा निवडून मोकळी झालेली होती. सर अंग झटकत उठले आणि यंत्र चांगलं आहे एवढंच म्हणाले.

नंदिनीला तेव्हा आप्पांची कुस्ती आठवली. आठवायला ती विसरलीच कधी होती म्हणा.

आप्पा म्हणजे तिचे वडील, पिराजी चौगुले. विशीत असताना शिरोळकडच्या एका जत्रेत त्यांनी बाबगोंडा मगदूम या नावाजलेल्या पैलवानाला धोबीपछाड मारून चितपट केलं होतं. बाबगोंडाला त्याआधी कुणी पाठ टेकवायला लावली नव्हती आणि आप्पांचं नाव तर तोवर तालमीबाहेर कुणाला माहीत नव्हतं. त्या एका डावावर पुढचं सगळं आयुष्य उभं राहिलं. साखर कारखान्यात नोकरी लागली, नंदिनीच्या आजोबांनी बोलावून मुलगी दिली, वस्ताद गेल्यावर तालीम आप्पांच्या हाती आली. पुढं मोठमोठ्या पैलवानांशी जोड लागत गेली, त्यात खांदा निकामी झाला, पण नाव टिकलं. ‘बाबगोंडाला पाडलेला पिराजी’ हे त्यांचं आडनावच होऊन बसलं होतं. आप्पा ती कुस्ती सांगायचे तेव्हा शेवट ठरलेला असायचा. जोर एवढा लागला, की बाबगोंडाला टाकून ते स्वतःच दोन पावलं पुढं धडपडले.

त्या कुस्तीची व्हिडिओ कॅसेट कुणीतरी काढली होती आणि कॉम्प्युटरवर उतरवलेली तिची प्रत नंदिनीकडं लहानपणापासून होती. तिनं ती पूर्वतोलला दिली आणि चहा आणायला गेली.

परत आली तेव्हा पडद्यावर रेघा उमटल्या होत्या. आप्पांनी बाबगोंडाचा हात धरला होता, अजून पाठ वळवायची होती. आणि त्याआधीच बाबगोंडाची निळी रेघ वर चढलेली होती. त्याच्या टाचा उचलल्या गेल्या होत्या, अंगाचा भार जमिनीवरून निघाला होता. आप्पांनी त्याला उचललं नव्हतं. तो आपण होऊन उडाला होता.

तिनं व्हिडिओ परत चालवला. उलटा करून चालवला. उजेड वाढवून, तुकडे पाडून चालवला. यंत्र आपल्या म्हणण्यावर ठाम होतं. मग तिनं आप्पांच्या रेघा बघितल्या आणि तिथं तिच्या जिवाला जरा बरं वाटलं. आप्पांची निळी रेघ बाबगोंडाच्या पूर्ण वजनाची तयारी करून बसली होती. तांबडी त्याच्या निम्म्यानंही भरत नव्हती. म्हणून ते पुढं धडपडले होते. रिकामी घागर. आप्पांना काहीच माहीत नव्हतं, हे तरी नक्की होतं.

पण लोक एवढं थांबून बघणार नव्हते. तालमीच्या भाषेत ठरवून केलेल्या कुस्तीला नुरा म्हणतात आणि त्या शब्दापुढं कुठलीही शिवी मऊ. पूर्वतोल दिवाळीत फोनवर येणार होतं. मोठ्या शहरांत चाचणीपुरतं मिळालेल्यांनी धुमाकूळ घालायला सुरुवातही केली होती. मोर्चात धक्का लागून कोसळलेल्या एका पुढाऱ्याची निळी रेघ सगळ्या देशानं बघितली होती आणि शाळा चुकवायला जिन्यावरून घसरणाऱ्या पोरांचे दिवस भरत आले होते. तालमीतली पोरं जुन्या कुस्त्या गोळा करत होती. त्यातच दसऱ्याला तालमीचा वर्धापनदिन होता. हर्डीकरांनी आप्पांना परस्पर फोन करून, त्यांची कुस्ती मोठ्या पडद्यावर रेघांसकट दाखवायची, चित्रपटाची जाहिरातही होईल, असं ठरवून टाकलं होतं. आप्पा फोनवर लाजून हो म्हणाले होते.

आप्पांच्या डोळ्यांदेखत, त्यांच्याच पोरांसमोर, त्यांचं नाव मातीत जाणार होतं. आणि यंत्र तिनंच चालवायचं होतं.

रविवारी ती स्कूटर काढून शिरोळला गेली. बाबगोंडा मगदूम आता उसाची रोपं तयार करून विकायचे. हिरव्या जाळीच्या मांडवाखाली रोपांच्या ट्रेच्या रांगाच रांगा लावलेल्या होत्या आणि त्यांतून तो थोराड माणूस झारी घेऊन फिरत होता. पिराजीची मुलगी म्हटल्यावर त्यांनी खुर्ची पुसली, सुनेला चहा टाकायला सांगितलं, आप्पांच्या खांद्याची चौकशी केली. नंदिनीनं फोनवर रेघा दाखवून यंत्राचं काम समजावून सांगितलं. ते मन लावून ऐकत होते. ऐकून झाल्यावर त्यांनी झारी खाली ठेवली.

“बरं झालं,” ते म्हणाले. “मला काय हे सांगायला जमलं नसतं.”

आणि त्यांनी सांगितलं. त्यांच्या वडिलांना मुलाला मोठा मल्ल करायचा ध्यास होता. सातव्या वर्षापासून बाबगोंडानं दुसरं काही बघितलं नव्हतं. दूध, बदाम, जोर, बैठका, माती. कुस्ती यायची, पण आवडायची नाही. नको म्हटलं असतं तर वडिलांनी घराबाहेर काढलं असतं. नामांकित पैलवानाकडून हरलं तर पुढच्या वेळी जिंकशील म्हणाले असते. एखाद्या नवख्या पोराकडून हरलं तरच नाद सोडतील, असा त्यांनी हिशोब केला होता.

“सोडला?” नंदिनीनं विचारलं.

“दोन वर्सं बोलला न्हाई माझ्याशी. पण सोडला. मला सुटायचं हुतं बघ, पोरी. माझं ओझं मी तुझ्या बाच्या पाठीवर टाकलं आन् घरला आलो.”

नंदिनीनं विचारलं की मग आप्पाच का. ते म्हणाले, पिराजी समोरच्याची मान सांभाळून टाकायचा, दुसऱ्या कुणाच्या हाती त्यांनी आपली मान दिली नसती. पुढं पिराजीला त्याच्या ताकदीबाहेरच्या जोडी लागल्या, खांदा गेला, हे कानावर यायचं तेव्हा घास उतरायचा नाही. भेटून सांगावं असं दर जत्रेला वाटायचं आणि दर जत्रा तशीच जायची. त्यांनी नंदिनीला सांगितलं की हे पिराजीला सांग, लोकांना कळायचं ते कळू दे, नुरा म्हणायचं तर म्हणू देत.

ती निघाली तेव्हा ते मांडवाच्या तोंडापर्यंत आले. जरा घुटमळले आणि मग म्हणाले, “पण एक हाय. माझी पाठ मातीला कुणी लावली न्हाई. लागली ती एकदाच, आन् ती मी लावली. कुस्तीनं दिलेलं तेवढंच माझ्यापाशी ऱ्हायलंय.” हे सांगताना म्हाताऱ्याची छाती नकळत पुढं आली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा अंगणात खांद्याला तेल चोळत बसले होते. नंदिनी लॅपटॉप घेऊन समोर बसली आणि तिनं सगळं सांगितलं. एकही गोष्ट गाळली नाही. आप्पा पडद्याकडं बघत राहिले. चिडले नाहीत, आणि ते तिला जास्त कठीण गेलं.

“पाठीला हलकं लागलं हुतं,” शेवटी ते म्हणाले. “मला वाटलं, माझंच बळ वाढलंय. मग तसंच धरून चाललो. उकरून कशाला बघतोय कोण?”

त्यांचा चेहरा बघून नंदिनीला रडू आलं. बापाचं आयुष्य आपणच पोकळ करून टाकलं, असं तिला वाटलं. आप्पांनी तेलाची वाटी बाजूला सरकवली आणि एकच गोष्ट विचारली. बाबगोंडा उडालाच नसता, नेहमीसारखा अडून उभा राहिला असता, तर तो पाठीवरून गेला असता का नसता, हे तुझं यंत्र सांगतं काय?

यंत्र सांगत नव्हतं. पण नंदिनी सांगू शकत होती, कारण तिचा धंदाच तो होता. आप्पांच्या स्नायूंनी किती जोराची तयारी केली होती आणि कुठल्या क्षणी, हे निळ्या रेघेत नोंदलेलं होतं. त्याच कुस्तीत आधी दोनदा बाबगोंडांनी आप्पांचे डाव मोडले होते, तेव्हा ते कसे अडून राहतात हेही हातात होतं. बाबगोंडांची उडी काढायची, त्यांचं पूर्ण वजन आणि पूर्ण प्रतिकार आप्पांच्या पाठीवर ठेवायचा आणि आप्पांचा बेत होता तसाच पुढं चालू द्यायचा. त्या आठवड्यात तिनं दुसरं काम केलं नाही. प्रत्येक मुद्रा हातानं तपासली, यंत्रावर सोडली नाही. आप्पांना झुकतं माप देण्याचा मोह झाला तेव्हा तेवढा भाग पुसून तिनं पुन्हा केला.

तयार झालं तेव्हा तिनं ते चालवलं. पिराजीनं पाठ वळवली, कंबर खाली घातली. बाबगोंडाचं सगळं वजन वर आलं आणि पिराजीचे गुडघे वाकले. तिथं सगळं थांबल्यासारखं झालं. टाचा मातीत रुतल्या. आता संपलं, असं वाटतंय तोवर कंबर हळूहळू वर आली, वजन माथ्यावरून ओलांडलं आणि बाबगोंडा सावकाश, जडपणे, पाठीवर आदळला. पिराजी जागच्या जागी घट्ट उभा होता. एक पाऊलही पुढं गेला नव्हता.

नंदिनी पळतच घरी आली.

“म्हंजे गेला असता?” आप्पांनी विचारलं.

“गेला असता आप्पा. वेळ लागला असता, पण गेला असता. मी दहा बाजूंनी बघितलोय.” घरी आली की ती कोल्हापूरच्या पोरींसारखी पुरुषी थाटातच बोलायची.

आप्पांनी ते परत लावायला सांगितलं. मग आणखी एकदा. तिसऱ्या वेळेला त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते लपवले नाहीत. दुखऱ्या खांद्यावर हात ठेवून ते तरुण पिराजीकडं टक लावून बघत होते. नंदिनीला इतका आनंद कशाचाच झाला नव्हता. दसऱ्याला हेच दाखवायचं, असं तिनं मनात पक्कं केलं. रेघांनी जे हिरावलं असतं ते हिशोबानं परत मिळणार होतं.

“बाबगोंडानं हे बघितलंय?” आप्पांनी विचारलं.

“न्हाई.”

“मग पुसून टाक.”

तिला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. मग ती भांडली. लोक नुरा म्हणतील, तालमीतली पोरं तोंडावर हसतील, एवढं नाव कमावलं ते काय फुकट घालवायचं, खरं आहे ते दाखवायला लाज कसली, असं सगळं बोलून झालं. आप्पांनी लॅपटॉप मिटला.

“त्याच्यापाशी तेवढंच ऱ्हायलंय म्हणाला न्हवं?” ते म्हणाले. “मला नोकरी मिळाली, तालीम मिळाली, तुझी आई मिळाली, तू झालीस. आता त्याचं तेवढंबी काढून घिऊ? मला कळलं, बास झालं.”

नंदिनीनं ते कॉम्प्युटरवरून काढलं. त्यातलं टायमिंग तेवढं तिनं चित्रपटातल्या पैलवानाला देऊन टाकलं. हर्डीकरांनी तो शॉट दोनदा बघितला. मग हा रेफरन्स कुणाचा, असं विचारलं. घरचाच आहे, असं ती म्हणाली. पण एक प्रत तिनं फोनमध्ये ठेवली होती. लोकांनी आप्पांवर चिखलफेक केलीच तर ती गप्प बसणार नव्हती, आप्पा काहीही म्हणोत.

दसऱ्याला तालमीचं आवार माणसांनी फुललं. बाबगोंडा मुलाबरोबर आले होते आणि पहिल्या रांगेत अवघडून बसले होते. हर्डीकरांना आप्पांनी आधीच गाठून सांगितलं होतं की आधी ते बोलतील आणि मग व्हिडिओ लागेल. त्यांना भाषणाची सवय नव्हती. माईक त्यांनी लाऊडस्पीकरवाल्याला परत दिला आणि नुसतेच बोलले.

त्यांनी सांगितलं की आता पडद्यावर दिसेल, बाबगोंडा आधीच उडालेला आहे. आवारात कुजबुज झाली. मागून कुणीतरी तो शब्द उच्चारला. नंदिनीनं फोन काढला.

“कोण रं त्यो नुरा म्हणणारा?” आप्पा शांतपणे म्हणाले. “नुरा दोघांची असती. ह्यात एकालाच ठावं हुतं, आन् त्यो मी न्हवं. बाबगोंडाला कुस्ती सोडायची हुती. त्यानं सोडली, आन् जाता जाता मला दिली.”

मग ते थांबले. वर्षानुवर्षं माणसं पडताना बघून नंदिनीचे डोळे तयार झाले होते, तिला यंत्राची गरज नव्हती. आप्पांनी पाय जरा फाकवले, वजन टाचांवर घेतलं, खांदे सैल सोडले. ही मुद्दाम पडणाऱ्याची तयारी, हे तिला कळलं.

“आन् एक सांगतो,” आप्पा म्हणाले. “त्यो आपणहून आला म्हणून आला. न्हाईतर सात जन्मांत मला बाबगोंडा उचलला नसता.”

नंदिनीच्या फोनवर तिनं बनवलेला तो व्हिडिओ उघडलेला होता. फोन पडद्याला जोडलेला होता, नुसतं बोट टेकवलं असतं तर मागच्या पडद्यावर लागला असता. तिच्या वडिलांनी एवढ्या लोकांसमोर आपली पाठ मातीला लावून घेतली होती, आणि मान सांभाळून दुसऱ्या कुणाला तरी वर ठेवलं होतं. तिला त्यांचा राग आला आणि तेवढाच अभिमान वाटला. पहिल्या रांगेत बाबगोंडा ताठ बसले होते. ते रडत होते, पण ताठ बसले होते.

आप्पांनी तालमीच्या देव्हाऱ्याजवळची चांदीची गदा उचलली. ती त्यांना बाबगोंडाबरोबरच्या त्याच कुस्तीत मिळाली होती. दर दसऱ्याला ते ती दोन्ही हातांनी, पावलं जड टाकत मिरवायचे, त्यामुळं ती भलतीच वजनदार असणार, असं साऱ्या गावाला वाटायचं. आतून ती पोकळ होती, वरून पत्रा. हे आप्पांना आणि नंदिनीच्या आईला सोडून कुणाला ठाऊक नव्हतं. आप्पांनी बाबगोंडांना वर बोलावलं आणि गदा पुढं केली.

बाबगोंडांनी डोळे पुसले. जुन्या पैलवानासारखे पाय रोवले, कंबर खाली घेतली, दोन्ही हातांनी दांडा धरला आणि होता नव्हता तेवढा जोर लावून ती उचलली. गदा भसकन थेट डोक्यावर गेली.

लोकांना वाटलं, म्हाताऱ्यानं ती विजयानं उंचावली. सगळं आवार उठून उभं राहिलं. हलगी कडाडली, पोरांनी शिट्ट्या मारल्या, फेटे उडाले. बाबगोंडांनी एकदा वर गदेकडं बघितलं, एकदा पिराजीकडं. पिराजी हसू दाबत होता. मग बाबगोंडांनाही हसू आलं, पण त्यांनी गदा खाली आणली नाही. ती तशीच डोक्यावर धरून ते सगळ्या बाजूंना हळूहळू फिरले.

नंदिनीनं फोनमधली ती प्रत पुसून टाकली आणि टाळ्या वाजवायला हात मोकळे केले.